सरांच्या टाकीतलं धुकं

आमच्या झाडीपट्टीतल्या गोरेगावात, किनाऱ्यापासून शेकडो कोस दूर, समुद्र होता, असं मी सांगितलं की लोक हसतात. खुशाल हसा. तो समुद्र तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच होता, आणि त्याच्या काचा मी माझ्या हातांनी पुसल्या आहेत. एका उन्हाळ्यात त्यावर असं धुकं उतरलं, की तीन शहाणी माणसं पंधरा-वीस दिवस त्याच्या काठावर उभी राहून एकमेकांशी खोटं बोलत होती. तिघांत सर्वांत पट्टीचा खोटारडा मी. माझं कामच ते होतं म्हणा.

बाजाराच्या रस्त्यावर माझं काचेचं दुकान. धानाची कापणी आटपली की चार महिने मी झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक. गावोगावच्या मंडपांत मी इतक्या पोरी पळवल्या, इतक्या जमिनी बळकावल्या आणि इतक्या म्हाताऱ्यांना विष दिलं, की बाजारात भाजीवाल्या बाया मला वांगी द्यायच्या आधी दोनदा निरखून पाहत. उरलेले आठ महिने खिडक्यांच्या काचा, लग्नाच्या फोटोंच्या फ्रेमा आणि हौशी लोकांसाठी माशांच्या टाक्या. टाक्या सगळ्या गोड्या पाण्याच्या. खाऱ्या पाण्याची टाकी आख्ख्या तालुक्यात एकच, आणि ती सरांच्या घरी.

सर म्हणजे माझे शाळेतले हेडमास्तर. तोवर निवृत्त झालेले. गावातल्या चौरस्त्यावर कुणी उतारा म्हणून लिंबं टाकली की सर ती उचलून शाळेत आणत, वर्गासमोर कापत आणि त्यांचं सरबत करून स्वतः आधी पीत. मग आम्हाला पाजत. आमच्यातल्या अर्ध्यांना त्या दिवशी भीतीनंच ताप यायचा. दुसऱ्या दिवशी सर हजेरी घेत आणि विचारत, कोण मेलं? घर बौद्धांचं. हॉलमध्ये तथागतांची तसबीर, पुढे सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, रोज सकाळी मेणबत्ती आणि अगरबत्ती लावत, तेवढंच. शकुन, मुहूर्त, नजर, यातलं काहीही त्या घराचा उंबरा ओलांडत नसे. मला सर 'कलाकार' म्हणत, आणि ज्या सुरात लोक 'पाकीटमार' म्हणतात त्याच सुरात म्हणत.

त्यांना एकच मुलगा. तो जहाजावर नोकरीला. मालवाहू जहाज, सहा-सात महिने पाण्यावर, मग दोन-तीन महिने घरी. अशाच एका सुट्टीत त्यानं मुंबईहून ही टाकी आणली. मी त्याला म्हटलं, अरे, तू राहतोस समुद्रावर, तुला घरी कशाला पाहिजे समुद्र? तर तो म्हणाला, काका, जहाजावरून मासा कधी दिसत नाही, नुसतं पाणी दिसतं. बरोबर समुद्राच्या मिठाची पोती, दगड, औषधाच्या बाटल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीत दोन नारिंगी मासे, अंगावर पांढरे पट्टे. एकाचा गालाजवळचा पट्टा मध्येच तुटलेला. टाकी पाहायला अर्धं गाव येऊन गेलं. खायचं मीठ टाकलं तर चालन का, असं प्रत्येकानं विचारलं आणि सरांनी प्रत्येकाला न कंटाळता समुद्राच्या पाण्यावर पाठ दिला.

या टाकीची एक गंमत होती. वरच्या टाकीतलं पाणी एका नळीनं खालच्या कपाटात उतरे. तिथं दुसरी टाकी, तिला सम्प म्हणायचं. सम्पमध्ये पाणी गाळलं जाई, त्याचा फेस काढला जाई, आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते पुन्हा वर फेकी. वर राजवाडा, खाली रंगपट. सगळी घाण, सगळा आवाज खाली. प्रेक्षकांना दिसायचे फक्त दोन नट.

जाताना मुलानं चार गोष्टी बजावल्या. उडालेल्या पाण्याच्या जागी साधं पाणी भरायचं, मिठाचं नाही. उगाच पंप बंद करायचा नाही. लाइट गेली की इन्व्हर्टरवर चालवायचा. आणि टाकीवरचं झाकण उघडं ठेवायचं नाही. मग पाठीवर बॅग चढवता चढवता हसत म्हणाला, "हे दोघं ठीक, तर मी ठीक."

थट्टाच होती. सरही हसले. काकू हसल्या नाहीत.

त्या वर्षी टीव्हीवर समुद्री चाच्यांच्या बातम्या सारख्या लागत. नकाशावर लाल ठिपके, शिडीवरून जहाजावर चढणारी माणसं. मुलाचं जहाज त्याच पाण्यातून जाणार होतं. पूर्वेकडच्या एका बंदरातून त्याचा फोन आला, की आता निघतो, दहा-बारा दिवसांनी पलीकडे पोचलो की फोन करीन. त्यानंतर दोनच दिवसांनी सम्प तडकला. तो मूळचा प्लास्टिकचा, आणि आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन प्लास्टिकला जुमानत नाही. सरांनी मला बोलावणं धाडलं.

मी काचेचा नवा सम्प केला. देखणा केला, खोटं कशाला बोलू. पाइपसुद्धा नवा टाकला: पंपापासून वर, टाकीच्या काठावरून एल्बोचं वळण घेऊन खाली पाण्यात. त्या वळणासाठी वरच्या प्लायच्या झाकणाला मी एक खाच पाडली, जरा मोठीच पडली. आणि एल्बो चिकटवायची वेळ आली तेव्हा डबा उघडून पाहतो तर पाइपचं सोल्युशन वाळून खडा झालेलं. आणायला गेलो असतो, पण सर खुर्ची टाकून समोर बसले होते, आणि आपल्या हेडमास्तरांसमोर 'सामान विसरलो' म्हणायचं वय माझं चाळिशीतही झालं नव्हतं. मी लाकडी हातोडीनं एल्बो ठोकून बसवला. पंप सुरू केला. एक थेंब गळला नाही. आमच्या धंद्यात थेंब गळत नाही म्हणजे जोड पक्का, पुढे बोलायचं नाही.

पाच मिनिटांनी टाकीत धुकं उतरलं.

म्हणजे बुडबुडे. पण बुडबुडे म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर सोड्याच्या बाटलीतले येतील, तसे नाहीत. साखरेच्या पिठासारखे. एकेक दिसतच नाही. दिसतं ते एवढंच की पाणी हळूहळू पांढरं होत चाललंय, ताकाच्या निवळीसारखं. मागचा दगड आधी गेला, मग मधला. मासे पुढच्या काचेजवळ आले की तेवढ्यापुरती नारिंगी ठिणगी दिसे आणि विझे. मी म्हटलं, नवीन काच आहे सर, एक-दोन दिवसांत बसेल. हे पहिलं खोटं.

दोन दिवस झाले तरी धुकं बसलं नाही. मग मी कामाला लागलो, आणि सरांच्या घरचा तो खालचा रंगपट मी इतक्या वेळा उसकटला, की कपाटाच्या बिजागऱ्या सैल झाल्या. आधी वाटलं, वरून उतरणारं पाणी सम्पमध्ये धबाधबा पडतं, त्यानं हवा मिसळते. त्या नळीचं तोंड पाण्याखाली बुडवलं. थोडा फरक पडला. मग लक्षात आलं, शेवटच्या कप्प्यातलं पाणी खाली गेलंय आणि पंप पाण्याबरोबर हवाही गिळतोय. आमच्याकडे प्रत्येक घरात कूलर, कूलरचं पाणी पंप खरखरेपर्यंत कुणी भरत नाही. सरांकडेही तोच हिशेब लावला होता. मी काचेवर रेघ मारून दिली आणि सांगितलं, रेघेखाली पाणी जाऊ द्यायचं नाही. त्या दिवसापासून काकू दर दोन तासांनी तांब्या घेऊन कपाटापाशी. थोडा फरक पडला. धुकं राहिलं.

प्रत्येक वेळी काम करताना मला पंप बंद करावा लागे. पंप थांबला की दहा मिनिटांत बुडबुडे वर जाऊन फुटत आणि पाणी लख्ख होई. तेवढ्या वेळात सर खुर्चीवरून उठत, पाठीमागे हात बांधून काचेशी येत आणि मासे पाहत. मी खाली कपाटात डोकं घालून असे, पण मला त्यांचे ओठ हलल्याचं कळे. एक. दोन. मग ते खुर्चीत जाऊन पेपर उघडत. पहिल्यांदा मला गंमत वाटली. तिसऱ्यांदा माझ्या पाठीवरून मुंगी चालल्यासारखं झालं.

कारण तोवर बारावा दिवस उलटून गेला होता, आणि फोन आला नव्हता.

सर रोज सकाळी दहाला मुंबईच्या कंपनीच्या ऑफिसात फोन करत. तिकडची पोरगी रोज सांगे, जहाज मार्गावर आहे, काळजी करू नका. सर फोन ठेवून आम्हाला सांगत, जहाज मार्गावर आहे. 'काळजी करू नका' तेवढं गाळत. टीव्ही लावायचा त्यांनी बंद केला. म्हणाले, केबलवाला भिकार चित्र देतो. घरात आवाज उरला तो कूलरचा, पंपाच्या घरघरीचा, आणि त्या घरघरीत मिसळलेल्या एका बारीक शिट्टीचा. शिट्टी पंपाचीच असणार, असं आम्ही तिघांनीही धरून चाललो होतो.

कुणीतरी मला सांगितलं, की उतरणाऱ्या पाण्याच्या तोंडाला कापडी मोजा बांधला तर बुडबुडे त्यात अडकतात. मी काकूंकडे जुना मोजा मागितला. त्या आत गेल्या आणि कपाटातून एक पांढरा मोजा घेऊन आल्या, मुलाच्या शाळेच्या कवायतीचा. मी तो नळीला बांधला. पाण्याच्या जोरानं मोजा फुगला, आत पाय असावा तसा, आणि सम्पमध्ये डुलू लागला. काकू थोडा वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी हात घालून तो सोडला, पिळला आणि वाळत घालायला घेऊन गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "त्याचा नको."

मग मी माझ्या आयुष्यातली सर्वांत बुद्धिमान गाढवपणाची गोष्ट केली. कूलरच्या जाळीत घालतात ते लाकडाचं गवत आणलं, नवं कोरं, आणि सम्पच्या मधल्या कप्प्यात गच्च भरलं. बुडबुडे अडकतील, असा हिशेब. शनिवारी भरलं. रविवारी सकाळी टाकीतलं पाणी चहाच्या रंगाचं, वर बोटभर फेस आणि खोलीत सुताराच्या दुकानाचा वास. धावत गेलो, पंप बंद केला, गवत उपसलं, बादल्या भरून पाणी बदललं. सर काचेशी उभे होतेच. या वेळी त्यांनी मोजणं लपवलं नाही, मोठ्यानं म्हणाले, "आहेत. दोन्ही." आणि घाम पुसला. मी खिडकीकडे पाहिलं.

इथं एक कबुली. त्या रविवारी घरी जाताना मला एल्बोची आठवण आली. पण मी स्वतःला समजावलं, की जिथून पाणी बाहेर येत नाही तिथून हवा आत कशी जाईल? आणि समजा जात असली, तर सरांसमोर झाकण उघडून सांगायचं काय, की बारा दिवस तुमचा जीव टांगणीला लावला तो माझ्या वाळलेल्या डब्यानं? खलनायकाला शेवटच्या अंकात पकडले जाण्याची सवय असते, पण ते मंडपात. मी त्याऐवजी दुकानात जाऊन तीन दिवस काचा कापल्या. सम्पमध्ये तीन आडव्या भिंती: पाणी पहिलीच्या वरून, दुसरीच्या खालून, तिसरीच्या पुन्हा वरून. एवढ्या वळणांत बुडबुडा दमून वर येतोच. हा उपाय खरा होता, पुस्तकात शोभेल असा. गुरुवारी जाऊन बसवला.

पंप बंद होता. पाणी निवळलं. सर आले, हात मागे.

मी कपाटात होतो. बराच वेळ काही ऐकू आलं नाही म्हणून डोकं बाहेर काढलं. सर वाकून डाव्या बाजूनं पाहत होते. मग उजव्या बाजूनं. मग म्हणाले, "झालं का तुझं?" मी म्हटलं, अजून अर्धा तास, काचेचा जोड वाळू द्यावा लागेल. ते म्हणाले, वाळन तसाच. पंप चालू कर.

"पण सर, जोड…"

"चालू कर म्हणतो ना."

मी पंप सुरू केला. धुकं उतरलं आणि सर खुर्चीत बसले. काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, दिसले का? सर म्हणाले, दिसले. दुसरा दगडामागे होता.

मी स्वतः काही पाहिलं नव्हतं. पण त्या दिवसापासून सरांनी मला पंपाला हात लावू दिला नाही. रोज जायचो, ते म्हणत, आज राहू दे. ज्या माणसानं आम्हाला लिंबाचं सरबत पाजलं, त्याला आता पांढरं पाणी हवं होतं. पांढऱ्या पाण्यात किती मासे आहेत ते कुणाला सांगता येत नाही.

रविवारी दुपारी मी गेलो तेव्हा सर ओसरीत फोन हातात धरून बसले होते. आत गेलो आणि दारातच थबकलो. काकू स्टुलावर उभ्या. टाकीचं झाकण उचललेलं. हातात पेटती अगरबत्ती, आणि त्या ती पाण्यावरून, पाइपावरून हळूहळू फिरवत होत्या. माझ्या मागून सर आले. त्यांचा चेहरा मी शाळेतही कधी तसा पाहिला नव्हता.

"माशाले ओवाळून राहिली? माझ्या घरात?"

काकूंनी वळूनही पाहिलं नाही. त्यांचं माहेर बोदलकशाच्या तलावाच्या बाजूचं, घरी धानाची शेती. म्हणाल्या, "आमच्या बाबाचं शेतावरचं इंजन पाणी सोडे ना, तवा बाबा पेटलेली बिडी घेऊन पाइपाच्या एकेका जोडाशी बसे. धूर जिथं आत जाई तिथं भोक. तुमच्या घरात बिडी नाही म्हणून अगरबत्ती घेतली. इकडे या, पाहा."

आम्ही दोघं जवळ गेलो. अगरबत्तीचा धूर सरळ वर चढत होता. काकूंनी ती काठावरच्या एल्बोपाशी नेली. धूर वाकला. आधी जरासा, मग पुरता, आणि सुईत दोरा जावा तसा एल्बोच्या जोडात शिरला. आत गेला तो बाहेर आला नाही. पाणी वळण घेऊन खाली घसरताना तिथं ओढ लागत होती आणि माझा ठोकून बसवलेला जोड रात्रंदिवस हवा पीत होता. बारीक शिट्टी तिथलीच होती. आम्ही तिघं पंधरा-वीस दिवस खाली सम्पमध्ये शोधत होतो. भोक वर होतं, नाकासमोर.

"कलाकार," सर म्हणाले, "हे कोणं बसवलं?"

"मी."

मला वाटलं, आता छडी. पण सर जोडाकडे नाही, पाण्याकडे पाहत होते. काकूंनी पदराला बांधलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी सोडली. आधीच कापून ठेवलेली होती. म्हणजे त्यांना ठाऊक होतं काय सापडेल. सर एकदम म्हणाले, "राहू दे."

"राहू कायले द्यायचं?"

"आजच काऊन? उद्या हा येऊन करन ना नीट. पाणी साफ झालं का सगळं दिसन."

"दिसू द्या," काकू म्हणाल्या. "मले असं आंधळ्यावाणी जगता नाही येत."

त्यांनी पट्टी ताणून गुंडाळली, एक वेढा, दोन, सहा. शिट्टी थांबली. इतके दिवस ती चालू होती तेव्हा ऐकू येत नव्हती. थांबली तेव्हा खोली केवढी मोठी आहे ते कळलं. मग आम्ही तिघं उभे राहिलो. बसावं असं कुणालाच वाटलं नाही. पांढरं पाणी आधी वरून विरळ झालं. पुढचा दगड आला. मधला आला. पुष्कळ वेळानं मागची काळी काच दिसली, तिच्यावर आमचे तीन चेहरे.

काकूंनी चिमूटभर दाणे टाकले. तुटक्या पट्ट्याचा मासा दगडाआडून येईल, म्हणून मी दगडावर नजर ठेवून होतो. एक मासा वर आला, पट्टा अखंड असलेला. त्यानं दाणे खाल्ले, दुसऱ्याच्या वाटचेही, आणि खाली गेला.

मी म्हटलं, दुसरा दगडाच्या फटीत असेल, हे मासे लाजाळू असतात.

"तू नाटक करू नको," काकू म्हणाल्या. त्यांनी अगरबत्ती तसबिरीपुढे नेऊन लावली आणि चहा ठेवायला गेल्या. सर टाकीसमोर जमिनीवर बसले. मी माझ्या हेडमास्तरांना जमिनीवर बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ताजं सोल्युशन घेऊन गेलो. एल्बो नीट चिकटवला. झाकणाची खाच बुजवायला पट्टी मारताना स्क्रू हातातून सुटला आणि टाकीच्या मागे पडला. टॉर्च मारून पाहिलं तर भिंत आणि कपाट यांच्यामध्ये, स्क्रूच्या शेजारी, तो पडला होता. वाळून पापडासारखा, रंग उडालेला, पण गालाजवळचा तुटका पट्टा ओळखू येत होता. बुडबुड्यांनी मेला नव्हता. उडी मारून बाहेर पडला होता, माझ्या खाचेतून. त्याला पांढऱ्या पाण्यात राहवलं नाही की गवताच्या वासानं घाबरला, कोण सांगणार. मी तो उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला. काकू दारात होत्या, पण त्यांचं लक्ष फोनकडे होतं. घरी जाईपर्यंत तो खिशात हातोडीएवढा जड लागला. कुणाला सांगितलं नाही. आजवर फक्त एकाला सांगितलं, ते पुढे येतंच.

जहाज निघाल्यापासून सव्विसाव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, मी सम्पच्या काचा पुसत असताना सरांचा मोबाइल वाजला. लांबलचक, अनोळखी नंबर. सर उठले, बसले, पुन्हा उठले. पलीकडून खरखर, मग मुलाचा आवाज. एवढा मोठ्यानं बोलत होता, की मला कपाटापाशी ऐकू आला. तो आई-बाबांची खुशाली विचारायच्या आधी म्हणाला, "बाबा, मासे कसे आहेत?"

सरांनी टाकीकडे पाहिलं. एक मासा हळूहळू गोल फिरत होता.

"मजेत," सर म्हणाले. "दोन्ही मजेत आहेत."

काकूंनी फोन ओढून घेतला. मला वाटलं, आता खरं बाहेर पडणार. त्या म्हणाल्या, "हो रे, दोन्ही. आताच दाणे टाकले मी. तू जेवून राहिला का नीट?"

जहाजाला धोक्याच्या पट्ट्यातून इतर जहाजांच्या सोबतीनं जायचं होतं, म्हणून सगळ्यांना थांबून राहावं लागलं, आणि तोवर कुणाला फोन करू दिला नाही, असं त्यानं सांगितलं. मग रेंज गेली. काकू रडल्या, सर नाही. सरांनी मला ओसरीवर नेलं आणि पाठ्यपुस्तकातला धडा द्यावा तसं सांगितलं, तो चार महिन्यांनी येऊन राहिला. तोवर तसाच एक आणायचा. तेवढाच. पट्टा तुटका पाहिजे.

नागपूरच्या एका दुकानात मी तीनदा गेलो. दुकानदाराला वाटलं मी वेडा आहे. लोक अखंड पट्ट्याचा मासा मागतात. तिसऱ्या वेळी मिळाला, तुटका, पण दुसऱ्या गालावर. घेतला. पिशवी मांडीवर धरून एसटीनं सडक अर्जुनीपर्यंत, तिथून काळीपिवळी जीपनं गोरेगाव. वाटेत एका बाईनं विचारलं, खायचा आहे का? मी खलनायकाच्या आवाजात हो म्हणालो. तिनं जागा बदलली.

मुलगा आला तेव्हा टाकी आरशासारखी होती. पाठीवरची बॅग न उतरवता तो काचेसमोर उकिडवा बसला. सर मागे हात बांधून, काकू दारात, मी भिंतीला. त्यानं खूप वेळ पाहिलं. मग म्हणाला, "मस्त ठेवलेत हो बाबा." सर हसले. कितीतरी महिन्यांनी.

तिसऱ्या दिवशी तो एकटाच माझ्या दुकानात आला. उन्हानं काळा पडला होता, वजन उतरलं होतं. चहा येईपर्यंत इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "काका, तो माझा मासा नाही. पट्टा उलट्या गालावर आहे. बाबांना सांगू नका, मला कळलं म्हणून."

मी गल्ल्याखालून आगपेटीची डबी काढून त्याच्यासमोर उघडली. त्यानं वाळलेला मासा तळहातावर घेतला, हलकाच, जिवंत असल्यासारखा.

"कधी गेला?"

खोटं बोलायला मला काही लागत नाही. पण त्याच्या तोंडाकडे पाहून जमलं नाही. मी सांगितलं, नक्की दिवस नाही सांगता येत, पाणी पांढरं होतं. रविवारी दोन होते. गुरुवारी एक. कोणता रविवार, ते मात्र माझ्या लक्षात होतं, कारण गवताचं लचांड त्याच दिवसाचं. तेही सांगितलं.

तो अंगठ्यानं बोटांची पेरं मोजू लागला. सोमवार. मंगळवार. तिसऱ्या पेरावर अंगठा थांबला आणि तिथंच राहिला. चहावर साय धरली. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, दुकानातल्या सगळ्या काचा किणकिणल्या.

"बुधवारी असेल," तो म्हणाला.

त्या बुधवारी जहाजावर काय झालं, असं मी विचारलं नाही. मी, जो गावात कुणालाही काहीही विचारतो. त्यानं मासा पुन्हा डबीत ठेवला, डबी स्वतःच्या खिशात घातली आणि विचारलं, काका, बाबांचा चश्मा नवा केला पाहिजे का हो, त्यांना गाल कळला नाही.

मी म्हटलं, कळला असेल.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा गेला. तोच रस्ता, तेच पाणी.